महेशचा चार्जर, माझा चार्जर

सोम., ३ फेब्रु.
नर्सरीतल्या बुटक्या ट्रॅक्टरचा चार्जर जळला. बॅटरीवरचा ट्रॅक्टर, आता नुसता उभा. वास आधी मला आला, तर लेक म्हणतो, "आई, तुझी मिसरी करपली असेल." पोटचा आहे, म्हणून सोडलं महेशला.
ट्रॅक्टर ठप्प म्हणजे मी ठप्प. गुडघे कधीच गेलेत. मागच्या वाफ्यांतल्या माझ्या कलमांपर्यंत मला नेणारा तो एकटाच. माणसांत कुणी नाही.
लिहिणारी सून तोंड वाकडं करतेय. लिही गं वैशाली, तू माणसांतच आलीस.

बुध., ५
पेठेत गेलो, मी आणि महेश. दुकानदाराने खुर्ची दिली, उपकार केल्यासारखी. एक चार्जर रात्रभर घेतो, बॅटरी जपतो. दुसरा तीन तासांत भरतो. महेशला दुसराच हवा. का, ते तिथे कळलं. सकाळी माझं झालं की ट्रॅक्टर चार्ज करायचा आणि दुपारी शेजारच्या फार्महाऊसवाल्यांना भाड्याने द्यायचा. मला विचारलं? छे. मी कोण, ट्रॅक्टरची मावशी?
"एवढ्या घाईने भरून बॅटरी टिकेल का हो?"
"अहो आजी, रोज लग्नाचं जेवण जेवून बघा. मग सांगा."
महेश म्हणे, पण प्लग तर बसतोय. मी म्हटलं, तुझं लग्नही असंच ठरवलं होतं.
दुकानदार हसला नाही. आत्ता वैशालीही नाही.
हात हलवत परत.

शुक्र., ७
बोलणं बंद. निरोप वैशालीमार्फत. तो म्हणतो, बॅटरी मेली तर मेली, भाडं तर येईल. बॅटरी मेली की मी कॉटवर, हे त्याच्या हिशेबात कुठे? वर म्हणे, "या वयात वाफे कशाला?" या वयात मग काय, तुझं तोंड बघत बसू?

शनि., ८
त्याने घाईचा आणला. मी रिक्षा करून गेले, सावकाशीचा आणला. दुकानदार म्हणाला, "घरात बोलता की नाही? एक परत आणणार असाल तर खोकं फोडू नका."
घरी येऊन आधी खोकं फोडलं. मागोमाग महेशने त्याचं.

रवि., ९
शेडमध्ये जाड पिनेचं सॉकेट एकच. सकाळपासून त्याच्यापुढे खुर्ची टाकून बसलेय. चहा इथेच. वैशालीला इथेच बोलावलं, लिही म्हटलं.
महेश आलाय, खोकं काखेत.
"आई, ऊठ."
"तू बस."
"दुपारी तू झोपलेलीच असतेस ना?"
"झोपते ती माझ्या मर्जीने. तुझ्या भाडेकऱ्याच्या नाही."
मग बायकोकडे वळला. "वैशाली, ती वही ठेव. माझा चार्जर लाव."
वैशालीने त्याचा उचलला नाही. माझाही नाही. त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.
"आई, पुढे सांगा," म्हणाली.