गच्चीवरची पोपटी आणि मुलुंडच्या विहीणबाई

घाटकोपर,
नाताळच्या सुट्टीतला मंगळवार

चिरंजीव धाकू यास थोरल्या अक्काचा आशीर्वाद,

तू, रत्नप्रभा आणि म्हैस, तिघंही बरे असाल असं धरून चालते. तुझ्या गुडघ्याला तेल लावतोस की नुसता कण्हत बसतोस तेही कळव. आमच्याकडं सगळं ठीक आहे असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं. ठीक काही नाही. रविवारपासून माझं डोकं जाग्यावर नाही. फोनच केला असता, पण तुझा फोन म्हणजे अंगणातला रेडिओ, मी इथं शिंकले तर वाडीला कळतं. शिवाय जिच्याबद्दल सांगायचंय ती बाई या घडीला माझ्याच स्वयंपाकघरात उभी राहून माझेच डबे उघडून बघतेय. बोलले असते तर आवाज गेला असता. म्हणून पलंगावर बसून लिहिते, आज रात्रीच तुझ्याकडच्या भाजीच्या टेम्पोबरोबर पाठवते. अक्षर लागलं नाही तर रत्नप्रभाला दाखव, तिला माझं सगळं वाचता येतं, न लिहिलेलं पण.

तर ऐक. आमचा निलेश आणि सूनबाई गंधाली दोघंही नोकरीला, नाताळात निधीची शाळा बंद आणि यांना रजा नाही. मग पोरीनं कुठल्या तरी आजीकडं राहायचं. शाळेत जायला लागल्यापासून ती प्रत्येक सुट्टीत जाते मुलुंडला, गंधालीच्या आईकडं, क्षमाताईंकडं. माझ्याकडं सकाळी आणून संध्याकाळी न्यायची, जशी मी पाळणाघर उघडलंय. का, तर म्हणे वनमालाताईंच्या हातचं जड असतं, पोरीला मानवत नाही. (एकदा लग्नात आइसक्रीम खाऊन तिचं पोट बिघडलं, ते पण माझ्याच नावावर मांडलं. आइसक्रीम मी केलं होतं काय?) मुलुंडला मटारच्या करंज्या, गाजराचा हलवा, मऊ भात आणि तूप. आणि माझ्याकडं काय, तर तिखट आणि काटे. क्षमाताई आणि त्यांचे देवव्रतराव, दोघं अंड्याचं नाव निघालं तरी खुर्ची मागं सरकवणारे. ते देवव्रतराव बँकेतून निवृत्त झालेत, पण अजून समोरच्याकडं असं बघतात जसं आपण कर्ज मागायला गेलोय. ते जेवायला येतात म्हणून मी वेगळी कढई ठेवली, वेगळा झारा ठेवला, आमच्या यांनी एकदा त्या कढईत बोंबील तळले तर मी आठवडाभर बोलले नाही यांच्याशी. एवढं सगळं केलं आणि तरी पोर मुलुंडला.

यंदा निधीनंच विषय काढला. निलेशनं तिला कधीतरी तुझ्या शेतातल्या पोपटीची गोष्ट सांगितली होती, लहानपणी मामाकडं थंडीत कसा जाळ लावायचे ते. तेव्हापासून पोरगी एकच धरून बसली, मला बाबाच्या आवडीची पोपटी खायची. मी म्हटलं मी करते. क्षमाताई म्हणाल्या, कशात करता? मी सांगितलं, मडक्यात. खाली भांबुर्डीचा पाला, वर वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी, मसाला लावलेली कोंबडी, जाडं मीठ, ओवा, परत पाला, मडक्याचं तोंड पाल्यानंच गच्च बुजवायचं, मडकं उलटं ठेवायचं आणि वरून जाळ. तेल नाही, पाण्याचा थेंब नाही. तर त्या म्हणाल्या, आम्हीही येतो बघायला, बिनकोंबडीचं एक वेगळं करा, आणि निधीला मानवलं तर राहू दे तिला थर्टी फर्स्टपर्यंत. बघ म्हणजे. माझ्या नातीसाठी माझी परीक्षा, आणि पेपर तपासणार विहीणबाई. मी गिळलं. नातीसाठी गिळलं, नाहीतर तुला माहीत आहे मी कोण आहे ती.

तू पाठवलेली दोन मडकी, शेंगा, गोवऱ्या आणि पाल्याचं पोतं भाजीच्या टेम्पोतून नीट पोचलं. (लिफ्टमध्ये दिवसभर पाल्याचा वास राहिला, पाचव्या मजल्यावरच्या विमलाबेन विचारत होत्या काही औषध मारलं का.) आता बिल्डिंगमध्ये जाळ कुठं लावायचा. गच्चीवर. गच्चीची परवानगी सेक्रेटरीची. सेक्रेटरी म्हणजे आमचा भाऊ, सगळे त्याला भाऊच म्हणतात, नोटीस लावल्याशिवाय त्याला झोप येत नाही. पोपटी म्हटलं असतं तर तो फायर ब्रिगेडला घेऊन बसला असता. म्हणून मी म्हटलं, घरगुती होम आहे. त्यानं लगेच हात जोडले. मग आम्ही विटा मांडल्या, घमेलंभर वाळू पसरली, पाण्याच्या दोन बादल्या ठेवल्या, दोन मडकी शेजारी शेजारी उलटी घातली. बिनकोंबडीच्या मडक्याच्या बुडाला मी हळद-कुंकवाचं बोट लावलं, म्हणजे चूक नको. जाळात ते काळं होणार हे मला कळायला हवं होतं. पण आपल्याकडं कधी दोन मडकी होती सांग? एकच मडकं आणि त्यातच सगळं, ओळखायचं कशाला?

तरी डावं-उजवं माझ्या लक्षात होतं, घोटाळा मडक्यांचा झालाच नाही. घोटाळा माणसाचा झाला. जाळ उतरला, वास सुटला, सगळे सतरंजीवर बसले. देवव्रतराव घरून आणलेली कागदी प्लेट हातात धरून असे बसले होते जसं ताट धरून झेंड्याला सलामी द्यायचीय. क्षमाताईंनी तर पिशवीतून डबा पण काढून ठेवला, निधीसाठी मेतकूट-भात, न मानवलं तर असावा म्हणून. (माझ्या गच्चीवर. माझ्या समोर.) मी खाली मीठ आणायला गेले, तेवढ्यात आमच्या यांनी मडकी उचलली. आता आपल्याकडची रीत काय? केळीचं पान पसरायचं, मडकं मधोमध ओतायचं आणि सगळ्यांनी भोवतीनं बसून एकाच ढिगातून खायचं. हे तुझ्या शेतात लग्नापासून दर थंडीला तेच करत आले. हात तसाच चालला. पहिलं मडकं पानावर मधोमध ओतलं आणि मग दुसरं, बिनकोंबडीचं, नेमकं त्याच्याच डोक्यावर. मी वर आले तर एकच ढीग, वाफ निघतेय, आणि देवव्रतरावांच्या बटाट्यावर कोंबडीची तंगडी आडवी पडलीय. मी यांच्याकडं बघितलं. हे म्हणाले, काय झालं, पान पुरलं ना.

धाकू, मीठ माझ्या हातातच राहिलं. निलेश मोबाईल बघायला लागला, मोबाईल बंद होता. गंधालीनं ओढणीत तोंड घातलं, हसत होती की रडत होती देव जाणे. आणि त्याच वेळेला गच्चीचं दार ढकलून भाऊ आत, अनवाणी, हातात नारळ, होमाला नमस्कार करायला. ढिगाकडं बघत राहिला. मग हळूच मला म्हणतो, वनमालाताई, पूर्णाहुती कोंबडीची दिलीत? मी म्हटलं, भाऊ, नारळ ठेवा आणि बसा. तो बसला. मला वाटलं, गेली निधी. आता ही बाई उठेल, पोरीचा हात धरेल आणि पुढची दहा वर्षं मुलुंडला.

पण क्षमाताई उठल्या नाहीत. त्या पुढं सरकल्या, ढिगातून एक अंडं उचललं, बादलीच्या कडेवर एकदा टचकन आपटलं, हातात असं फिरवलं आणि साल एका पट्टीत उतरलं. मला अंडी सोलून इतकी वर्षं झाली, माझं कधी तसं उतरलं नाही. मग म्हणाल्या, मीठ आणलंत ना?

देवव्रतराव म्हणाले, क्षमा, ते अंडं आहे.

दिसतंय मला.

तू सोलतेयस.

मग सालासकट खाऊ?

कधीपासून हे?

होस्टेलपासून. तुम्ही विचारलंत कधी?

आणि अंडं झाल्यावर, धाकू, तिनं ती देवव्रतरावांच्या बटाट्यावरची तंगडीच उचलली. खाल्ली कशी म्हणून विचारशील तर हाड आमच्या बिल्डिंगच्या मांजरानं वास घेऊन सोडून दिलं, एवढं साफ. माझं तोंड उघडं ते उघडंच. देवव्रतरावांपेक्षा मला जास्त धक्का बसला, त्यांची नुसती बायको होती, माझी कढई होती. निलेशच्या लग्नापासून मी त्या बाईसाठी वेगळा झारा घासला. आणि निधी? निधीनं वालाच्या शेंगा दातांनी ओरबाडून अख्ख्या संपवल्या, दोन बटाटे खाल्ले, कोंबडीचा तुकडा खाल्ला, मेतकूट-भाताच्या डब्याकडं बघितलं पण नाही. तो शेवटी भाऊनं खाल्ला.

हात धुवायला आम्ही दोघी टाकीमागं गेलो. माझ्यानं राहवलं नाही, मला आडून बोलता येत नाही. मी सरळ विचारलं, तुम्हाला सगळं चालतं तर माझ्या नातीला माझ्या हातचं का चालत नाही? बाई नळ चालू ठेवून उभी राहिली. म्हटलं आता काहीतरी डॉक्टरचं सांगेल. तर म्हणाली, चालतं हो. पण तुमच्याकडून आली की दोन दिवस तोंड पाडून बसते, मला घाटकोपरला सोड म्हणते. आमच्याकडं घरात आम्ही दोघंच, आणि हे पेपर वाचतात. ती आली की घरात आवाज होतो. म्हणून खाण्याचं नाव पुढं केलं. एवढं बोलून नळ बंद केला. मी चार शिव्या तयार ठेवल्या होत्या, धाकू, चांगल्या, आपल्या आईच्या. एक पण बाहेर आली नाही. मी तिच्या हातावर राखेचा डाग राहिला होता तो दाखवला आणि परत नळ सोडला. दुसरं काय करणार.

तर निधी राहिली. मी जिंकले. पण जिंकले ते कसं ते वाच. देवव्रतराव निघाले तेव्हा क्षमाताई म्हणाल्या, तुम्ही व्हा पुढं, मी निधीबरोबर थांबते. आणि थांबल्या. रविवारपासून थांबल्यात. माझ्या डाळीत गूळ घालतात. माझे डबे आकारानं लावतात. निधी मधे झोपते आणि दोघी आज्या दोन बाजूंनी गोष्ट सांगतात, एकाच वेळी, वेगळी. देवव्रतराव दिवसातून कितीदा फोन करून विचारतात साखर कुठं आहे. ती सांगत नाही, म्हणते शोधतील. काल सकाळी सगळ्यांच्या आधी उठून तिनं अंड्याची पोळी केली आणि ती त्याच वेगळ्या ठेवलेल्या कढईत केली. मी बघत राहिले. असं काही माझ्या आयुष्यात व्हायचं होतं, हे मला कुणी सांगितलं असतं तर मी त्याला घराबाहेर काढलं असतं.

गुडघ्याला जप. रत्नप्रभाला सांग, शेंगा गोड होत्या. राग धरू नये, तू काही केलं नाहीस, फक्त मडकी पाठवलीस.

तुझी अक्का,
वनमाला

ता. क. : पत्र खरं म्हणजे याच्यासाठी लिहिलं. तू क्षमाताईंना फोन कर आणि म्हण, गच्चीवरची ती काय पोपटी, खरी पोपटी खायची तर शेतात या, उद्याच या, चार दिवस राहा. मी सांगितलंय हे कळता कामा नये. सुट्टीचे उरलेले दिवस पोर मला एकटीला पाहिजे, एवढंच मागणं आहे. रत्नप्रभाला म्हणावं, तिला अंडी दे, ती गप्प बसते.

ता. क. दुसरा : पाकीट डिंकानं बंद केलं होतं ते परत उघडलं. देवव्रतराव आले, एकट्याला साखर सापडली नाही म्हणे. फोनवर त्यांनाही बोलाव, मी नुसता तुझ्या शेतातल्या पोपटीचा विषय काढून बघितला. मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, गावाला बटाटे कोंबडीपासून वेगळे ठेवतात का? मी म्हटलं, तुमच्यासाठी ठेवतील. तर म्हणाले, नको नको, शेजारीच राहू देत.

ता. क. तिसरा : तू फोन करायची गरज उरली नाही. मी लिहीत असताना निधीनं मागून सगळं वाचलं आणि स्वयंपाकघरात जाऊन मोठ्यानं सांगितलं. क्षमाताई लगेच पिशवी भरायला लागल्या. निधी म्हणते मी पण जाणार मामाआजोबांकडं. आणि पोर जाणार तर मी इथं भिंतींना काय वाढू? मीही येते. गुरुवारी सकाळच्या गाडीनं सगळे येतोय. माझं आणि त्या बाईचं अंथरूण मधे निधीएवढी जागा सोडून घाल.