जुन्या डिस्कवर काय उतरलं

सर, तुम्ही गेलात त्याला वीसहून जास्त वर्षं झाली. त्या रविवारबद्दल तुम्ही मला कधीच काही विचारलं नाही, म्हणून आज मीच लिहितोय.

बमरोलीच्या रस्त्यावरचा आपला तो ट्रस्टचा दवाखाना; तिथले संगणक तुम्ही सांभाळायचात, मी तुमच्या हाताखाली. कापड गिरण्यांच्या रंगखात्यातले कामगार दर सहा महिन्यांनी यायचे, नळीत जोर लावून फुंकायचे, आणि छातीत किती दम उरलाय त्याचा आकडा आपण संगणकात भरायचो. नऊ वर्षांचे आकडे भरून झाल्यावर जुन्या वह्या रद्दीत गेल्या. दम कामामुळे कमी होत गेला हे दाखवायला त्या माणसांकडे दुसरं काही नव्हतं. माझे वडीलही त्यांच्यातलेच. नवागामहून सायकलवर यायचे आणि फुंकून झालं की माझ्या टेबलाकडे बघून हसायचे.

सर्व्हरमध्ये दोन डिस्क होत्या. एकीवर लिहिलं की दुसरीवर आपोआप तेच लिहिलं जायचं. मी एकदा डॉक्टरांना मोठ्या रुबाबात म्हणालो, "साहेब, काळजी नको, सगळं दोनदा आहे." बाहेर आल्यावर तुम्ही मला जिन्यातच झापलंत. "दोनदा नाही, एकदाच आहे. तू चूक लिहिलीस तर दोन्हीकडे चूकच जाते. सिस्टीम बदलायच्या आधी एक डिस्क काढून बाजूला ठेवायची. नवीन नीट चालली, चार दिवस चालली, की मग जोडायची. आणि जोडताना कुठून कुठे उतरतंय ते दोघांनी वाचायचं. एकट्यानं नाही."

त्या रविवारी दवाखाना बंद होता. तुम्ही एक डिस्क काढलीत, चिकटपट्टीवर 'जुनी' असं लिहून तिला लावलीत आणि कपाटात ठेवलीत. दुसरीवर आपण नवी सिस्टीम चढवायला घेतली. ती अर्ध्यातच अडकली, मशीन सुरूच होईना. नक्कल ठेवलेली टेपही लावून पाहिली, ती वाचता येईना. तुम्ही शांत होतात. "जुनी आहे ना आपल्याकडे. मी चहा सांगून येतो. तोवर हात लावू नकोस."

मी हात लावला. तुम्ही वर येईपर्यंत सगळं पूर्ववत करून दाखवायचं होतं मला. जुनी डिस्क बसवली, पण केबल उलटसुलट झाल्या. पडद्यावर विचारणा आली, पहिलीवरून दुसरीवर उतरवू का? जुनीच पहिली आहे असं धरून मी हो म्हटलं. तुम्ही आत येताय, पडद्याकडे बघताय, चहाचे दोन्ही ग्लास खिडकीत ठेवताय. "अरे, हे कुठून कुठे चाललंय?" मी बटण बंद केलं, पण तोवर चांगल्या डिस्कवर बिघडलेली बरीच उतरली होती. "सर, आपोआप सुरू झालं," मी म्हणालो. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत आणि खुर्चीत बसलात.

अहवालात तुम्ही लिहिलंत की निर्णय तुमचा होता. महिन्याभरात तुम्हाला काढलं. टेबल आवरताना तुम्ही तुमचे स्क्रू-ड्रायव्हर माझ्या खणात ठेवून गेलात.

पुढच्या तपासणीच्या पाळीला वडील खिडकीशी आले. कामगार न्यायालयात भरपाईच्या अर्जाला लावायला त्यांना त्यांचा कागद हवा होता. "इतला वरीस फुका मारात, ते कोठे गयं रे?" मी म्हणालो, "मशीन बिघडलं, दादा." ते पुन्हा नळी घेऊन फुंकले, मध्येच खोकले, परत फुंकले. कोर्टात समोरच्या वकिलानं विचारलं, एका आकड्यावरून काय कळणार, आधीपासूनच दम कमी असेल. दादांचा अर्ज फेटाळला गेला, बाकीच्यांचेही एकेक करून फेटाळले गेले. शेवटची दोन वर्षं ते उशीला टेकून बसूनच झोपायचे. मी शेजारी बसून पाठ चोळत असायचो, आणि मशीनचं खरं त्यांनाही सांगितलं नाही.

आता माझ्या हाताखाली चार जण आहेत. डिस्क जोडताना मी त्यांना मोठ्यानं वाचायला लावतो. त्यानं त्या नऊ वर्षांतला एकही आकडा परत येत नाही, हे मला माहीत आहे.

हे पत्र कुठे पाठवणार? तुमच्या मुलीचा पत्ता मिळवता येईल, पण मी मिळवणार नाही. एकच सांगायचं राहिलं. तुम्ही गेल्याचा फोन आला तेव्हा मी सगळ्यांसमोर डोळे पुसले, पण त्याआधी, सर, क्षणभर मला सुटल्यासारखं वाटलं होतं.