आधी उडणं, मग ऐकणं

बाई, काल एका वटवाघळामुळे तुमची आठवण झाली. यात अनादर काही नाही, पुढे वाचा. प्राचीन प्राण्यांवरच्या मुलांच्या पुस्तकाचा अनुवाद सध्या माझ्याकडे आहे. (संस्कृत शिकून शेवटी हेच का, असं तुम्ही विचारणार. हेच.) त्यात पाच कोटी वर्षांहून जुन्या वटवाघळाचं चित्र आहे. अमेरिकेत दगडाच्या पापुद्र्यात अख्खा सांगाडा मिळाला, लोणच्यातल्या मुरलेल्या फोडीसारखा चपटा, पण बोटन् बोट शाबूत आणि पाचही बोटांना नखं. आपल्याकडे गुजरातेतल्या कोळशाच्या खाणीतही फार जुनी वटवाघळं निघाली, पण बहुतेक दात आणि जबडेच. बाकीचं आपण समजून घ्यायचं. तुमचा तो संस्कृत शब्दकोश वटवाघळांना पक्ष्यांत बसवतो. "बाई, ते सस्तन आहे," असं मी वर्गात म्हटलं, तेव्हा तुम्ही चष्म्यावरून पाहिलंत. "असू दे. पंख आहेत ना? बसू दे बापडं. आणि सायन्सच्या बाईंना सांगायला जाऊ नकोस, त्यांचा आधीच माझ्यावर राग आहे."

तर त्या सांगाड्याच्या कानाची हाडं पाहून काही तज्ज्ञ म्हणतात, की याला उडता येत होतं, पण आवाज सोडून प्रतिध्वनीवरून वाट काढायची विद्या अजून आली नव्हती. दुसरे तज्ज्ञ हे मानत नाहीत. पंडितांचं तुम्हांला ठाऊकच आहे. मी ते वाक्य लिहिलं आणि पेन खाली ठेवलं.

तुम्हांला कमी ऐकू येतं, हे गिरगावातल्या त्या शाळेत फक्त मला माहीत होतं. पाठांतर स्पर्धेची तयारी तुमच्या फणसवाडीतल्या स्वयंपाकघरात चालायची. आम्ही चौघी-पाचजणी भिंतीला टेकून, तुम्ही पोळ्या लाटताय. एकीने चरण गाळला, तुम्ही लाटतच राहिलात. मी नकळत बोट वर केलं. तुमचं लाटणं थांबलं. "पुन्हा म्हण." त्या दिवसापासून न बोलता ठरूनच गेलं. वर्गात मी पहिल्या बाकावर, हात बाकावर, कुणी चुकलं की माझी तर्जनी उठायची आणि तुम्ही म्हणायचात, "थांब." मुली म्हणायच्या, बाईंचा कान काय तिखट आहे.

मग तपासणीचा दिवस. सकाळीच तुम्ही माझी वही वर्गासमोर धरलीत. "हे अक्षर आहे की मुंग्या मेल्यात?" वर्ग खो खो हसला. तासाभराने साहेब मागच्या बाकावर बसलेत, एक मुलगी श्लोक म्हणतेय, मधल्या दोन ओळी गिळून पुढे जाते. माझं बोट बाकावरच. तुम्ही माझ्या हाताकडे बघता, मान डोलावता, "छान" म्हणता, फळ्याकडे वळता. साहेब मागून हाक मारतात. एकदा, दोनदा. तुम्ही लिहीतच राहता.

दिवाळीनंतर तुम्हांला वर्गावरून काढून ग्रंथालयात बसवलं. मी आले तेव्हा पुस्तकांना खाकी कव्हरं घालत होतात. "बोट उचलायला विसरले, बाई," मी म्हटलं. मोठ्याने, दोनदा. "अगं, एवढंसं वय तुझं," तुम्ही म्हणालात, "आणि मी केवढा भार टाकला." आणि तुमचा कोश माझ्या हातात दिलात.

आज पुस्तकाच्या संपादिकेचा फोन आला. पंचविशीतली आहे, हुशार आहे. "मॅम, त्या वटवाघळाला 'बिचारं' म्हणूया का? मुलांना क्यूट वाटेल." म्हटलं, नको गं. "पण त्याला ते प्रतिध्वनीचं जमत नव्हतं ना? आदळत असेल." म्हटलं, आदळत असतं तर त्याचं कुळ इथवर आलं नसतं. डोळे होते त्याला. बघून उडत असेल. ती "ओके मॅम" म्हणाली. फोन ठेवून मी हे लिहायला बसले.

तुम्हांला जाऊन वीस वर्षं होतील, तुमच्या चाळीच्या जागी टॉवर आहे. हे कुठल्या मजल्यावर पाठवणार? तरी लिहून ठेवते. त्या दिवशी मी विसरले नव्हते. पहिली ओळ गळली तेव्हाच बोट उठायला लागलं होतं. मी ते दुसऱ्या हाताने दाबून धरलं.