आईने टाकलेला शब्द

बर्मिंगहॅम, अलाबामा, अमेरिका, जून १९४८

प्रिय हॉरेस,

तू तिकडे मेक्सिकोत रमलास, बरं झालं.

गोऱ्यांची बेसबॉल लीग आता आपल्या काळ्यांतले खेळाडू घेते, पण तरुणच. गेल्या रविवारी खेळाडू निवडायला त्यांचा माणूस आला होता. चर्च सुटल्यावर सगळे तसेच ठेवणीतल्या कपड्यांत मॅचला आले. मी पिचिंग करत होतो आणि समोरच्यांना माझा वेगवान चेंडू दिसत नव्हता. मॅच संपल्यावर त्याने वय विचारलं. आपले सगळेच कापतात तशी मीही दहा वर्षं कापली आणि अठ्ठावीस सांगितलं. तो खूश झाला. शेजारी हॅट सावरत उभ्या असलेल्या आईला म्हणाला, "पोरगा छान वाढवलात."

आई म्हणाली, "कसला छान? अडतीस वर्षांचा झाला, अजून जेवायला हाका माराव्या लागतात."

त्याने पेनाला टोपण लावलं, आईला नमस्कार केला आणि गेला.

आई रोज विचारते, "तो भला माणूस परत कधी येणार रे?"

"येईल. लांबून यायचंय त्याला."

हे पत्र मी पेटीत टाकणार नाही. वाचून तू तिच्यावर चिडशील. तिला वाटतंय, तिने माझ्यासाठी चांगला शब्द टाकला.

तुझा भाऊ,
क्लीओफस