राखाडी पेटी

लिंत्स, रविवार, १२ ऑक्टोबर १९८६

प्रिय ल्युबिशादादा,

मी बरा आहे. परांची बांधायचं काम पावसामुळे तीन दिवस बंद होतं. आई गुडघ्याला काही लावते का? नेगोटिनला द्राक्षं उतरली असतील. वहिनीच्या घरच्यांना नमस्कार. अजून वहिनी झाली नाही, पण आता महिनाच राहिला.

आता मुद्द्याचं. तुझ्या लग्नात तिहोमिरकाकाला कुम म्हणून साक्षीला उभं करू नकोस.

कपाळाला हात लावू नकोस, आधी वाच. आपल्या दोघांच्या बाप्तिस्म्याला धर्मपिता म्हणून तोच उभा होता हे मला माहीत आहे. भावाशी भांडावं, कुमाशी भांडू नये, हेही बाबांनी लाख वेळा सांगितलंय. पण कुमानंच हात मारला तर?

बाबांच्या तबकडीच्या यंत्रावरची ती सुई आठवते ना, जिला ते कुणाला हात लावू देत नसत? ते गेल्यावर चाळिसाव्या दिवसाच्या जेवणाला तिहोमिरकाकानं ती काढून घेतली. म्हणाला, "टोक झिजलंय, ही तबकड्या खाईल. ल्युब्लियानाला माझ्या ओळखीचा कारागीर आहे." यंत्र मी इकडे आणलं. सुई तीन महिन्यांनी आली, लोकरीच्या मोज्यात गुंडाळून, आय्वार चटणीच्या बरण्यांमध्ये खुपसून.

मधल्या काळात माझ्या खोलीतल्या एन्व्हेरनं (झेनिकाचा आहे, सज्जन माणूस) त्याची साधी सुई लावून दिली होती. ती चुंबकवाली. तिच्यात सुईबरोबर इवलंसं चुंबक हलतं, आणि टोक झिजलं तर कुणीही नखानं उपसून दुसरं बसवावं. बाबांची तारवाली. तिच्यात केसाएवढ्या तारेचं वेटोळंच हलतं. तिचं टोक घरी बदलता येत नाही, कारागिराकडेच द्यावं लागतं. म्हणजे तीन महिने ती कुणाकुणाच्या हातात होती, देव जाणे.

आता ऐक. एन्व्हेरची स्वस्तातली सुई लावली की खिडकीची काच थरथरते. बाबांची लावली, तर भिंतीपलीकडे कुणी आजारी माणूस बोलतंय असं वाटतं. आवाजाचं बटण शेवटापर्यंत फिरवलं, तर नुसती घरघर. एन्व्हेर म्हणाला, "भावा, ह्या खोबणीत कलेवर आहे." आणि स्क्रू! बाबांचे पितळेचे होते, आता पांढरे आहेत. वरचं कवच तेच, आतलं काढून घेतलंय. दुसरं काय?

मी पोस्टातून त्याला फोन केला. म्हटलं, "काका, सुई पोचली. आतलं कुठंय?" तर तो म्हणतो, "राखाडी पेटी लावलीस का? पेटी कुठंय?" बघ! सुई गिळली, आता पेटीवर डोळा. मी म्हटलं, "विषय बदलू नकोस, चोरा," आणि फोन ठेवला.

पेटीचं काय ते नंतर सांगेन. तेवढं महत्त्वाचं नाही.

मोज्यात त्याची एक जाड चिठ्ठीही होती. मुंग्यांसारखं अक्षर, मला कुठं वाचता येतंय. उपदेशच असणार. डुगडुगणाऱ्या टेबलाखाली घातलीय.

दुसरा कुम शोध, दादा.

तुझा ओब्राद

* * *

लिंत्स, रविवार, २६ ऑक्टोबर

दादा,

तुझं पत्र मिळालं. "ज्या घरात मला चोर म्हणतात, त्या घरच्या लग्नाला मी उभा राहणार नाही," असं काका म्हणाला. आई दोन दिवस जेवली नाही. मुलीकडचे विचारताहेत, कुमाशिवाय लग्न कसलं. एवढं वाचून मी हे लिहायला बसलो, आणि तीन कागद फाडले.

काल सुई घेऊन इथल्या दुरुस्तीच्या दुकानात गेलो. मला लेखी हवं होतं, खोटी आहे म्हणून. तुला दाखवायला. म्हाताऱ्यानं भिंग लावलं, आपल्या यंत्रावर सुई चढवली आणि एक तबकडी लावली. दादा, बाबा कोळसा टाकून आत आले की जसा वाजायचा, तसाच आवाज. मी म्हटलं, "तुम्ही काहीतरी केलंत." मला त्याचाही संशय आला, खरं सांगतो.

तो हसला. म्हणाला, "तारवालीचा आवाज जन्मतः बारीक असतो, पोरा. तुझ्या घरच्या यंत्राला तो वाढवणारी पेटी मध्ये लागते. विजेची वायर नाही, दिवा नाही, अशी छोटीशी. तुझ्या वडिलांकडे असेलच."

होती.

जुलैमध्ये एन्व्हेरची सुई त्या पेटीतून लावली, तेव्हा आवाज फाटला. पेटी काढली, तर झकास. मी ठरवलं, पेटी बिघडली. भिंतीत जायला वायरसुद्धा नाही, कसली पेटी ही? खोली बदलताना जुन्या बाजारात एका दाढीवाल्याच्या गाठोड्यात ती टाकून आलो. त्यानं बदल्यात एक पक्कड दिली. काकानं फोनवर पेटीचं नाव काढलं, तेव्हाच मला ती पक्कड आठवली होती. म्हणून तर ओरडलो. आज पहाटे बाजारात जाऊन आलो. दाढीवाला नाही, पेटी नाही.

मग टेबलाखालची चिठ्ठी काढली. एन्व्हेरला वाचायला लावली.

"ओब्राद, पेटीशिवाय ही लावू नकोस. कुजबुजेल, आणि तुला वाटेल काकानं फसवलं. लहानपणी कोंबडीनं अंडं दिलं, तरी तू तिच्याखाली हात घालून दुसरं शोधायचास. पेटी हरवली असेल, तर लाजू नकोस, कळव. तुझ्या बापाच्या पेटीतली तार मीच गुंडाळली होती, अजून एका पेटीची गुंडाळीन. पितळी स्क्रूंचे आटे गेले होते. फेकले नाहीत, त्याच्या हातचे आहेत."

खाली चिकटपट्टीत दोन पितळी स्क्रू. तीन आठवडे टेबल त्यांच्यावरच उभं होतं.

दादा, राकिया दारूची बुधली घेऊन कुमाला बोलवायला धाकटा भाऊ जातो. दुसऱ्या कुणाला पाठवू नकोस. शुक्रवारच्या बसनं निघतोय. मुकादम म्हणाला, गेलास तर परत येऊ नकोस. बघू. दार उघडलं नाही, तर पायरीवर बसेन. पेटीचं आधी सांगेन, बुधली नंतर पुढं करेन. त्यानं घोट घेऊन होकार दिला तर दिला.

तो येईपर्यंत माझ्या कुठल्याच बोलण्यावर विश्वास ठेवू नकोस. ह्या पत्रावर मात्र ठेव.

चोर ज्याला म्हणायला हवं होतं तो,
तुझा धाकटा ओब्राद