टेन्शनवरच्या सुया

६ जानेवारी
गिऱ्हाइकाच्या अंगावर शेवभाजी फेकली. फेकली म्हणजे, ताट हातातून जरा जोरात सुटलं. शेव मऊ का, म्हणून विचारत होता. रश्श्यात पडलेली शेव मऊ होणार नाही तर काय? किळस येते असल्या लोकांची. त्याच्या सोबत्याने व्हिडिओ काढला.

७ जानेवारी
व्हिडिओ बीडपर्यंत पोचला. ‘मांजरसुंब्याचा राधाकिशन ढाबेवाला’ म्हणून नावानिशी. दुपारी चारच टेबलं, तीही मला बघायला आलेली. गेवराईहून लेकीचा, स्वप्नालीचा फोन. म्हणाली, पप्पा, तुमाला अँग्झायटी हाय. बीडला एक डॉक्टर सुया टोचून टेन्शन घालवतात.
मला टेन्शन नाही. टेन्शन देणारे आहेत. तरी जाणार, लेकीच्या समाधानासाठी. निश्चय: दहा सिटिंग. आवाज चढवायचा नाही.
सायं. ७. वेटर म्हाळूवर ओरडलो. निश्चय उद्यापासून.

९ जानेवारी, बीड
सत्यभामा सोबत आली. घरून निघताना बायको लागतेच. क्लिनिकमध्ये जळक्या गवताचा वास. शेजारच्या पलंगावर एक जाडा इसम तोंडभर सुया घेऊन घोरत होता. शिसारी आली. डॉ. तेजश्री म्हणजे स्वप्नालीच्या वयाची पोरगी. म्हणाली, काका, मुंगी चावल्यासारखं वाटेल. पहिली सुई मनगटापाशी. दुसरी कानात. पुढचं नीट आठवत नाही. सत्यभामा म्हणते, तुमी बोंबलत उठला आन्‌ कानातल्या सुईसकट रस्त्यावर गेलते. बायका वाढवून सांगतात.
माझा पलंग रिकामा झाला म्हणून सत्यभामेनेच सुया लावून घेतल्या. तुला कशाला, म्हटलं. तर म्हणाली, छातीत धडधडतंय, सात वर्सं झाली. मला कधी सांगितलं नाही, म्हटलं. म्हणाली, सांगितलं व्हतं. तुमी गल्ल्यावर व्हता.

१३ जानेवारी
यापुढे सुया सत्यभामा घेणार, मी देखरेखीला जातो. बाहेर बसतो. तरीही गुण जाणवतोय, मन एकदम शांत. दारात आडवी गाडी लावणाऱ्याला फक्त दोन शिव्या.
सत्यभामा आत पाऊण तास झोपली. दारातून बघितलं. तिला दिवसा झोपलेली कधी बघितलीच नव्हती.

२० जानेवारी
सत्यभामा भाकरी थापताना गुणगुणते. डोक्यात जातं. आज रश्श्याला नावं ठेवली तर पळी खाली ठेवली, म्हणाली, मग तुमी करा. आणि बाहेर बाजेवर जाऊन बसली. ऐन जेवणाच्या टायमाला! मग मी केला. मीठ दोनदा पडलं असावं. गिऱ्हाइकं निम्मं ताट टाकून उठली. खरकटं बघून किळस आली. लोकांना चव म्हणून राहिली नाही.

२७ जानेवारी
डॉक्टरीणबाईला जाब विचारला. माझी बायको बिघडवली म्हणून. ती म्हणाली, काका, काकू इथं आल्या की बऱ्या होतात, घरी जाऊन आल्या की पुन्हा तेच. त्यांना थोडे दिवस दुसरीकडे राहू द्या. म्हटलं, बरोबर, ढाब्यावर धूर फार. तिने पुढच्या पेशंटला हाक मारली. पटलं असणार.

३१ जानेवारी
सत्यभामा स्वप्नालीकडे गेली. मोठी बॅग घेऊन. परत कधी, विचारलं. म्हणाली, झोप पुरी झाली की.
धुरामुळेच. निश्चय: एक्झॉस्ट फॅन बसवणे.

४ फेब्रुवारी
फॅन बसवला. ढाबा बंद, भाकरी करायला कोणी नाही. म्हाळू दुसरीकडे लागला. बेइमान. स्वप्नालीचा फोन. म्हणाली, आई लई छान झोपती, हसती. विचारलं, माझं नाव काढती का? म्हणाली, पप्पा, तुमी जेवला का?
हे काय उत्तर झालं?

६ फेब्रुवारी, बीड
एकटा गेलो. म्हटलं, बाई, कुठं लावायच्या तिथं लावा, आज पळत नाही. डोळे गच्च मिटून पडलो. मनगटावर गार कापूस फिरला. आणि डोळ्यांतून पाणी सुरू. थांबेना. नाक गळायला लागलं, हुंदके. शेजारचा पेशंट उठून बसला. माझी मलाच किळस आली. म्हटलं, लई दुखतंय बाई, काढा ह्या सुया.
ती म्हणाली, काका, अजून एकपण लावली नाही.