उद्या ट्राय बॉल नाही

अहो रेणूचे बाबा,

उद्या सकाळी साडेसातले माझी मॅच आहे. माझी! हसू नका. कुकरच्या किती शिट्ट्या झाल्या तेही कळलं नाही, म्हणून तुम्हाले लिहायले बसली. दुसऱ्या कोणाले सांगू?

आपल्या बुढापारा मोहल्ल्यातल्या बायकांनी टेनिस बॉलची मॅच ठेवली आहे, मायलेकींच्या जोड्यांची. दोघींनी मिळून दोन ओव्हर खेळायच्या. आऊट झालं तर बाहेर नाही जायचं, पण पाच रन कापतात. रेणूनं मले न विचारता दोघींचं नाव देऊन टाकलं. तुम्ही गेल्यापासून वर्षभर त्या पोट्टीनं बॅटले हात लावला नव्हता, माहीत आहे? तुमची बॅट पलंगाखाली, अन् ती मोबाइलमध्ये. मग मी नाही कशी म्हणू?

पंधरा दिवसांपासून गच्चीवर शिकून राहिली. पहिल्या दिवशी बॅट मोगरीसारखी धरली, कपडे धोपटतो तशी. "बायाँ हाथ ऊपर, मम्मी!" रेणू तिच्या नेहमीच्या हिंदीत ओरडली. रन काढताना मी अर्ध्यातच थांबते अन् विचारते, "येऊ का?" ती म्हणते, "पूछना नहीं है, भागना है!" वैताग अगदी तुमचाच.

पण एक गोष्ट काही केल्या जमत नाही. बॉल जवळ आला की माझे डोळे मिटतात. आपोआप! बॉल नरम आहे, लागत नाही, सगळं समजते. तरी मिटतात. काल रेणू चिडली. "छोड़ो मम्मी, नाम कटवा देती हूँ," म्हणाली अन् बॅट भिंतीले टेकवून खाली निघून गेली. तेव्हापासून जीव थाऱ्यावर नाही. ती बॅट पुन्हा पलंगाखाली गेली तर?

तुमचाही राग येते बरं! साऱ्या मोहल्ल्यातल्या पोराईले पहिला बॉल ट्राय बॉल म्हणून द्यायचे. आऊट झाला तरी मोजायचा नाही. अन् लग्नाच्या पहिल्या वर्षी मी एकदा बॅट धरली, तर तुम्ही पोट धरून हसले! मले काहून नाही दिला हो ट्राय बॉल? मग मी पुन्हा हात लावलाच नाही. दर रविवारी तुम्ही दारातून म्हणायचे, "चल ना, सुधा." मी म्हणायची, "भाजी जळते." कधीच जळत नव्हती हो.

आणखी एक सांगायचं आहे. दवाखान्यात शेवटी डॉक्टर धावत आले, तेव्हाही मी डोळे घट्ट मिटले होते. तुमच्याकडे पाहवलं नाही मले. रेणू पाहत होती. एकटी. चौदा वर्षांची पोर! तिनं कधी बोलून दाखवलं नाही, अन् मी कधी विचारलं नाही.

आता गच्चीवर जाते. बॅट अजून भिंतीलेच टेकून आहे. मीच उचलते अन् रेणूले हाक मारते. नाव कटवलं असेल तर पुन्हा लिहायले लावते. उद्या ट्राय बॉल नाही मिळत, मले माहीत आहे. बॅट लागो न लागो, किती का रन कापोत, पण वचन देते, डोळे उघडे ठेवीन. या वेळी तिले एकटीले पाहू देणार नाही.

तुमची,
सुधा